मावशीचा दुसरा फॉर्म

वजनकाट्यावर चढण्याआधी ती त्याला चपलेच्या टोकानं एक लाथ मारायची. फार जोरात नाही, पण आवाज व्हावा इतपत. "खरं सांगजो," ती काट्याला दम द्यायची, "नाई तं फोडीन." मग एक हात माझ्या खांद्यावर टाकून वर चढायची आणि आकड्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघत उभी राहायची. माझा खांदा दुपारपर्यंत ठणकत राहायचा.

तुम्ही अशी बाई पाहिली असेल. एसटीत चढली की आधी सगळे वर बघतात, मग एकमेकांकडं बघतात, आणि मग शेजारची रिकामी जागा पिशवी ठेवून अडवतात. ही तशी होती. फरक एवढाच, की ती पिशवी उचलून खिडकीबाहेर टाकायची.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लठ्ठपणाची ओपीडी होती. मी तिथं समाजसेविका म्हणून नोकरीला होते. आमच्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. वजनानं माणसाचं रोजचं जगणं किती अडतं, ते मोजायचं. किलो काटा सांगायचा, बाकीचं मी विचारायचं. चार पानांचा फॉर्म होता. प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकटी: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, नेहमी. पेशंट आला त्या दिवशी एक फॉर्म, तीन महिन्यांनी दुसरा, वर्षानं तिसरा.

ती सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातून यायची. पन्नाशीची असेल. धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बायांची टोळी घेऊन गावोगाव फिरायची. गुडघे गेले तेव्हा गावातल्या एका बिनडिग्रीच्या डॉक्टरनं तिला पुड्या दिल्या. दुखणं थांबलं, म्हणून तिनं त्या दोन वर्षं खाल्ल्या. चेहरा सुजला, पोट सुटलं, अंग वाढतच गेलं. पुड्यांत स्टेरॉइड होतं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता गावी जातो अन् त्याच्या दुकानाले आग लावतो." आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. पुढच्या खेपेला कळलं की आग नाही लावली, पण औषधाच्या बाटल्या एक-एक करून रस्त्यावर आपटल्या होत्या. डॉक्टर पळून गेला होता.

पहिला फॉर्म भरताना तिनं मला घाम फोडला.

"मावशी, जिना चढताना दम लागतो?"

"नाई."

ओपीडीच्या सहा पायऱ्या चढून आली होती आणि छाती अजून भात्यासारखी हलत होती.

"वजनामुळं कुठं जायचं टाळता?"

"मी कायले टाळू? लोकच टाळतेत मले."

"वजनाची लाज वाटते?"

"कोनाची?" तिनं खुर्ची पुढं ओढली. "तुले एक गोष्ट सांगतो, बाई. एका लग्नात मी पलास्टिकच्या खुर्चीवर बसली. खुर्ची गेली मोडून. मी खाली, पाय वर. सारा मांडव हासला. म्या उठली, त्याच खुर्चीचा पाय घेतला, अन् जो पहिला हासला त्याच्या टाळक्यात हानला. रगत निंघालं तवा थांबली. मंग कोनी हासलं नाई. लिही, लाज कधीच नाई."

मी लिहिलं. चारही पानं 'कधीच नाही'. डॉक्टर फॉर्म बघून हसले. "काट्यावर शंभराच्या वर आणि कागदावर ऑलिम्पिक खेळाडू," म्हणाले. "पण पेशंट सांगेल तेच लिहायचं. आपण बदलायचं नाही."

तिच्या मारण्याबद्दल मी सुरुवातीला इतरांसारखीच हसायचे. एकदा बसस्टँडवरच्या एका ऑटोवाल्यानं तिला बसवून घेतलं नाही. "टायर बसते बाई, दोन खेपा करा, अर्धी अर्धी या," असं काहीतरी म्हणाला. अर्ध्या तासानं ती त्याची कॉलर धरून आमच्या कॅज्युअल्टीत हजर. त्याची भुवई फाटली होती, शर्ट लाल झाला होता. "याले टाके मारा," तिनं नर्सला सांगितलं. "मीच फोडलं. छत्रीनं." टाके पडेपर्यंत त्याचं डोकं तिनं आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवलं. तो ओरडला की म्हणायची, "झालं बापा, झालं. लहानसा तं हाये." जाताना त्यानंच तिला ऑटोनं स्टँडवर सोडलं.

हे सगळं गमतीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. तिच्या टोळीतली एक बाई कधी कधी तिच्यासोबत यायची. तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. मी विचारलं, तर मावशीकडं बोट दाखवून म्हणाली, "हिनंच पाडला. चिखलात मी हळू चालून राह्यली होती म्हणून." मावशी दुसरीकडं बघत होती. "पन मले ताप आला तवा रातदिवस हीच होती उशाशी," ती बाई पुढं म्हणाली. एवढ्यानं दात परत येत नाही. पण त्या दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या फॉर्मची तारीख भर उन्हाळ्यात आली. चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय, ते सांगायला नको. ती आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. पंख्याखाली बसून तिनं तांब्याभर पाणी प्यायलं आणि तरी तिची धाप थांबली नाही. मी फॉर्म बाजूला ठेवला.

"मावशी, या वेळी खरं सांगा. मागच्या वेळी तुम्ही मला फसवलंत. खोट्यावरून औषध ठरवलं तर औषधही खोटंच मिळेल."

तिनं कागदाकडं पाहिलं. "हे कोन वाचन?"

"डॉक्टर. आणि मी. बाकी कोणी नाही."

हे वाक्य मी किती सहज बोलले होते. रोज दहा जणांना बोलायचे.

"दम लागते," ती म्हणाली. "उठली तरी लागते. बसली तरी लागते. झोपेत कोनी छातीवर येऊन बसल्यावानी वाटते." मी खुणा करत गेले. नेहमी. नेहमी. "आता जीव जाते का काय, असं वाटते." किती वेळा? "लई दा." बरेचदा. गुडघे, झोप, अंघोळ, संडासला बसणं. एका बाईनं दुसऱ्या बाईला सांगायचं सगळं तिनं सांगितलं, आवाज न चढवता. तिचा चढलेला आवाज मला कधी भीतीचा वाटला नव्हता. हा वाटला.

"लाज?" मी विचारलं.

ती बोटांनी पदराचा काठ चुरगळत राहिली.

"ते खुर्चीचं मी तुले खोटं सांगितलं. म्या कोनाले नाई हानलं. माह्या पोट्टीचंच लगन होतं ते. मागच्या सालचं. नवरदेवाकडचे हासले. जावईबी हासला. म्या उठली अन् सयपाकाच्या मांडवात जाऊन बसली, भाताच्या मोठाल्या गंजाच्या आड. पोट्टीबी माह्यासारखीच हाये ना आंगानं. तिले पाह्यतीन, मंग मले पाह्यतीन, अन् म्हनतीन, हेबी उद्या अशीच होईन. म्हनून लपली. पोट्टी निंघाली तवा बोलावायले आले. म्या म्हनलं, मी गंज घासून राह्यली. पोट्टीले जाताना नाई पाह्यलं म्या."

मी 'नेहमी'च्या चौकटीत खूण केली. तिनं पेनचं टोक कागदावरून उठेपर्यंत बघितलं, आणि मग नाक शिंकरून म्हणाली, "झालं? चाय पाज आता."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती स्ट्रेचरवर आली.

जे घडलं ते मला तिच्या लेकीनं आणि त्या तुटक्या दाताच्या बाईनं सांगितलं. मी स्वतः पाहिलेलं नाही.

लेक जिवतीच्या डोंगरात दिली होती, कापसाच्या शेतीच्या घरात. नवऱ्याला लठ्ठ बायको चारचौघांत न्यायची लाज वाटायची. त्यानं आणि सासूनं तिला एका वेळचं जेवण बंद केलं. मग दर आठवड्याला नवरा तिला कापूस मोजायच्या काट्यावर चढवायचा. घरातले सगळे बघायला उभे. वजन उतरलं नसलं की पट्टा. पट्ट्याचं बक्कल लागेल असा. तिच्या पाठीवर मी नंतर ते वळ पाहिले. काही जुने काळे, काही ओले. शेवटच्या आठवड्यात तिनं चोरून भाकर खाल्ली, म्हणून त्यानं तिला कापसाच्या खोलीत कोंडलं. शेजारच्या एका मुलीनं खिडकीच्या गजातून आपला मोबाईल आत दिला. लेक आईला एवढंच म्हणाली, "आई, मले घेऊन जा."

मावशीनं तुटक्या दाताच्या बाईला सोबत घेतलं आणि मिळेल त्या गाडीनं निघाली. जिवतीच्या पुढं वस्तीपर्यंत गाडी जात नव्हती. शेवटचा चढ पायीच होता, दगडांचा, भर दुपारचा. सोबतची बाई म्हणाली, "मी दोनदा बसली. ते नाई बसली. तिचं तोंड निळं पडलं होतं. म्या म्हनलं, थांब वं जरा. तं मलेच शिवी देल्ली."

अंगणात जावई होता, सासू होती. मावशीनं किल्ली मागितली. एकदाच.

जावई हसला. "एक म्हैस पोसनं होत नाई, तं दुसरी आली."

तिनं अंगणातला दगड उचलला आणि कुलूप फोडलं. लेक बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून, केसांत कापूस. जावयानं पट्टा उगारला तो मावशीनं हिसकावून त्याच्याच तोंडावर ओढला. त्याचा ओठ फाटला. मग तो घरात गेला आणि सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला.

पहिला घाव मावशीच्या नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज सोबतच्या बाईला सुकी काडी मोडल्यासारखा ऐकू आला. सासूनं त्या बाईचे केस धरून तिला भिंतीशी दाबलं होतं. दुसरा घाव लेकीवर पडणार होता. लेक घाबरून जमिनीवर बसली होती, डोकं गुडघ्यांत घालून. मावशी मोडका पाय ओढत सरपटली आणि लेकीच्या अंगावर आडवी पडली. पुरती झाकली तिला. मग तो तिच्या पाठीवर मारत राहिला. थकेपर्यंत. आजूबाजूच्या घरांतून लोक बाहेर येऊन उभे होते. कोणी पुढं येत नव्हतं. लेक सांगत होती, "मले खाली काई दिसत नोहतं. घाव पडला की आई हालायची, अन् म्हनायची, हालू नको. मले श्वास घ्यायले येत नोहतं, पन एकबी घाव मले नाई लागला."

त्याचा पाय जवळ आला तेव्हा मावशीनं त्याच्या पोटरीला चावा घेतला आणि मांस तुटेपर्यंत सोडला नाही. तो ओरडत खाली पडला, तेव्हा कुठं दोन माणसं धावली.

अँब्युलन्सपर्यंत तिला बाजेवर घालून सहा माणसांनी उतरवलं. जे बघत उभे होते त्यांतलेच सहा.

आमच्या दवाखान्यात तिच्या पायात सळई घातली. तीन बरगड्या मोडल्या होत्या. पाठ मानेपासून कंबरेपर्यंत जांभळी. आमचे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "किडनी फुटायला हवी होती. प्लीहा फुटायला हवी होती. अंगावरच्या चरबीनं घाव झेलले. बारीक बाई जागीच गेली असती."

मावशी डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपलीय. तिनं एक डोळा उघडला. "हे मोजलं का तुमच्या कागदात?"

डॉक्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

लेक वॉर्डातून हलत नव्हती. तिला खाली गादी दिली, तर ती आईच्याच खाटेच्या काठावर अंग चोरून बसायची. मावशी तिला जागा व्हावी म्हणून मोडक्या बरगड्यांनिशी भिंतीकडं सरकायची. दोघी काही बोलायच्या नाहीत. मी समोर असले की मावशी मात्र बोलायची. पोलिसांचा जबाब कसा घेतला, जावई पोटरीला पट्टी बांधून कसा लंगडत कोठडीत गेला, रोवणीला यंदा टोळी कोण नेईल. सासूचं काय करायचं, याचेही तिचे बेत तयार होते. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा लेक तिची वेणी घालत होती. मावशी मला म्हणाली, "पाह्य, हिच्या हाताले लोक नाव ठेवत होते." आणि मधेच थांबली. छातीवर हात दाबला. डोळे मोठे झाले. मी नर्सला हाक मारली. नर्स धावत येईपर्यंत तिनं लेकीचं मनगट एवढं आवळलं होतं, की ते नंतर आम्हाला एकेक बोट उलगडून सोडवावं लागलं. मोडक्या पायात रक्ताची गाठ झाली होती. ती फुप्फुसात गेली. अर्धा तास डॉक्टरांनी तिची छाती दाबली. मोडक्या बरगड्यांवर.

गुन्ह्याचं कलम बदललं. मारहाणीचा गुन्हा आता मनुष्यवधाचा झाला. पोलिसांनी तिची सगळी फाईल मागितली. डॉक्टरांनी दिली. द्यावीच लागते. फाईलमध्ये माझे दोन फॉर्म टाचलेले होते, ते मला तेव्हा आठवलंही नाही.

आठवलं ते जामिनाच्या सुनावणीला. डॉक्टरांनी काही कागदांसाठी मला कोर्टात पाठवलं होतं. लेक तुटक्या दाताच्या बाईसोबत मागच्या बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. जावयाचा वकील उठला. त्याच्या हातात माझा दुसरा फॉर्म होता. माझं अक्षर मी लांबूनही ओळखलं.

"साहेब, मयत बाई आधीपासूनच मरणाच्या दारात होती. हे मी म्हणत नाही. घटनेच्या तीन आठवडे आधी ती स्वतः म्हणते." त्यानं चष्मा वर केला. "दम लागतो, नेहमी. झोपेत छातीवर दडपण, नेहमी. आता मरण येईल असं वाटतं, बरेचदा. शंभरावर किलो वजन. गाठ कुठंही होऊ शकली असती. माझ्या अशिलाच्या हातून पायाला इजा झाली असेल. मृत्यू झाला तो तिच्या लठ्ठपणामुळं."

सरकारी वकील उठून बोलला. गाठ मोडक्या पायातूनच गेली, असं आमच्या डॉक्टरांनी लेखी दिलं होतं. ते त्यानं वाचून दाखवलं. तेव्हा बचावाचा वकील पुन्हा उभा राहिला, फॉर्मचं पान उलटलं, आणि ज्याची काही गरज नव्हती तेही वाचलं. "वजनाची लाज वाटते, नेहमी."

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

पहिला फॉर्मही त्याच फाईलमध्ये होता. 'कधीच नाही', चार पानं. तो कोणी वाचला नाही. तिला तो फॉर्म खोटा आहे असं सांगणारी मीच होते. कोणी वाचणार नाही, असं सांगणारीही मीच.

जामीन झाला. खटला अजून उभा राहायचा आहे.

कोर्टाच्या आवारात एक चहाची टपरी आहे. आम्ही तिथल्या बाकड्यावर जाऊन बसलो. तुटक्या दाताची बाई गाडीची वेळ विचारायला गेली. लेक म्हणाली, "लाजेचं ते, आईनं तुमाले सांगितलं होतं?"

मी तिला लग्नातलं सगळं सांगितलं. खुर्ची, गंज, घासायचं निमित्त. काही राखून ठेवलं नाही. आता राखून काय उपयोग होता?

ती ऐकत राहिली. "मले वाटलं होतं," ती हळूच म्हणाली, "आई माह्यावर रागावली होती. म्हनून निंघताना आली नाई. वर्षभर मी तेच धरून बसली. म्हनूनच लवकर फोन नाई केला."

तेवढ्यात जावई कोर्टाबाहेर आला. पाय किंचित ओढत. चार मित्र सोबत होते. एकानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. ते आमच्याच दिशेनं येत होते, फाटक या बाजूला होतं. मी लेकीचा हात धरला, आपण आत जाऊ म्हणाले. ती उठली नाही.

"आई असती तं त्याचं टाळकं फोडलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मले ते नाई जमत."

टपरीवाल्यानं नुकताच आलुबोंड्यांचा घाणा काढला होता. तिनं एक मागितला. पोटभर खाल्लेलं तिला मी वॉर्डातही कधी पाहिलं नव्हतं. दोन घास, आणि मग इकडंतिकडं बघून ताट बाजूला. आता तिनं आलुबोंडा हातात घेतला आणि नवरा समोर येईपर्यंत थांबली. मग त्याच्याकडं सरळ बघत खायला लागली. मोठे घास घेऊन. त्याचे मित्र काहीतरी बोलले आणि हसले. बाकड्यावरचे दोघे-तिघे वळून तिच्याकडं बघायला लागले. तिचे गाल भरलेले होते, हनुवटीवर चटणी लागली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण नजर तिनं खाली केली नाही. शेवटी त्यानंच मान फिरवली आणि फाटकाकडं निघून गेला.

तिनं हात पदराला पुसला आणि कढईकडं बोट दाखवलं.

"अजून एक सांगा," ती म्हणाली.